छोट्या कँटोनीज खाणावळीत जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना तिथल्या लहान कँटोनीज खाणावळींत जेवायला नेण्याचे काम मी गेली अनेक वर्षे आवडीने करत आलो आहे. दाराशी पोहोचल्यापासून बिल देईपर्यंत त्यांना पडणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे मुख्यतः हाँगकाँगमधील अनुभवावर आधारलेली आहेत. क्वांगचौ शहरातही यातले बरेचसे लागू पडते.

कँटोनीज जेवण म्हणजे नेमके काय? आपल्याकडे मिळते ते 'चायनीज' हेच का?

नाही. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्वांगतुंग प्रांत, त्याची राजधानी क्वांगचौ (जुने नाव कँटन), हाँगकाँग आणि मकाव या पट्ट्यातील स्वयंपाकाला कँटोनीज म्हणतात. आपल्या गाडीवरचे शेजवान हे नाव सिचुआन प्रांतावरून आले आहे, तर हाक्का नूडल्सचे नाव हाक्का समाजावरून. हा समाज क्वांगतुंगमध्येही मोठ्या संख्येने राहतो, पण त्याची बोली आणि स्वयंपाक वेगळा आहे. मांचुरियन तर चीनमधले नाहीच. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वँग यांनी तो पदार्थ प्रथम केला असे सांगितले जाते. हे सगळे आपल्या आवडीचे खाणे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही, परंतु त्या चवीची अपेक्षा मनात ठेवून कँटोनीज जेवायला बसल्यास निराशा होते आणि समोरच्या अन्नावर अन्यायही होतो.

मुंबईचा मात्र या प्रदेशाशी जुना संबंध आहे. माझगावमधील 1919 साली बांधलेल्या चिनी देवळाचे नाव 'सी यिप कून' असे आहे. 'सी यिप' म्हणजे चार परगणे, आणि हे चारही परगणे क्वांगतुंगमधलेच आहेत. गोदीच्या आसपास स्थिरावलेल्या त्या लोकांची भाषा कँटोनीजच्याच कुळातली होती.

'छोटी खाणावळ' म्हणजे कोणत्या प्रकारची? सगळीकडे सगळे मिळते का?

सगळे मिळत नाही, आणि हेच चांगले लक्षण आहे. लहान दुकान सहसा एकाच कामात तरबेज असते. काचेमागे भाजलेले हंस, बदके आणि डुकराच्या मांसाच्या लांब पट्ट्या टांगलेल्या दिसल्या तर ते 'सिउ मेई' म्हणजे भाजलेल्या मांसाचे दुकान असते. तेथे भातावर ते मांस कापून देतात. पेज आणि नूडल्स देणारी दुकाने वेगळी, डिमसमची, म्हणजे चहासोबत खायच्या, बहुधा वाफवलेल्या छोट्या पदार्थांची, वेगळी. संध्याकाळी कढईवर परतलेले पदार्थ, वाफवलेला मासा, भाजी आणि सूप देणारी घरगुती वळणाची खाणावळ त्याहून वेगळी. भाजक्या मांसाच्या दुकानात जाऊन वाफवलेला मासा मागणे म्हणजे मिठाईच्या दुकानात मिसळ मागण्यासारखे आहे.

जागेच्या लहानपणावरून दर्जा ठरवू नये. 2009 साली मोंग कोक भागात मॅक क्वाय पुई यांनी 'टिम हो वान' नावाचे डिमसमचे चिमुकले दुकान काढले. त्याआधी ते एका पंचतारांकित हॉटेलच्या नामांकित उपाहारगृहात डिमसम करत असत. उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिनच्या 2010 च्या मार्गदर्शिकेत त्या दुकानाला एक तारा मिळाला आणि पुढे त्याच्या शाखा अनेक देशांत निघाल्या.

अस्सल जागा कशी ओळखावी?

अस्सलपणाची पाटी लावलेली नसते. मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, भिंतीवर हाताने लिहिलेल्या कागदांवर त्या दिवसाचे किंवा त्या ऋतूचे पदार्थ आहेत का. छापील यादीपेक्षा हे कागद अधिक बोलके असतात. दुसरी, आसपासचे म्हातारे लोक एकेकटे येऊन शांतपणे जेवत आहेत का. तिसरी, भाजी कशी येते. आले घालून परतलेली साधी हिरवी भाजी करकरीत, चकचकीत आणि वाफाळती आली, तर बाकीचे जेवणही नीट असणार असे मी धरून चालतो, आणि हा अंदाज फारच थोड्या वेळा चुकला आहे.

कोणत्या वेळी जावे? आधी जागा राखून ठेवावी लागते का?

चहा आणि डिमसमसाठी सकाळ उत्तम. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात कचेऱ्यांतील लोकांची गर्दी असते. त्यानंतर पाचपर्यंत अनेक ठिकाणी दर थोडे कमी असतात. लहान दुकाने बहुधा जागा राखून ठेवत नाहीत. दाराशी नंबर घ्यावा लागतो. रात्री साडेसहालाच पोहोचावे, कारण लवकर संपणारे पदार्थ खरोखरच संपतात. चांद्र नववर्षाच्या सुट्टीत, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत कधीतरी, अशी दुकाने काही दिवस बंद असतात. त्या सुमारास प्रवास असेल तर आधी चौकशी करावी.

अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवले तर?

बसावे. याला तिथे 'दाप तोय' म्हणतात आणि जागेची टंचाई असलेल्या त्या शहरात ही रोजची पद्धत आहे. मान हलवून नमस्कारासारखी खूण केली तरी पुरे. गप्पा मारणे अपेक्षित नसते. पलीकडच्या माणसाने मागवलेला पदार्थ आवडला तर त्याच्याकडे हळूच बोट दाखवून वाढप्याला तोच आणायला सांगता येते. मी काही उत्तम पदार्थ अशाच शेजाऱ्यांमुळे शिकलो.

बसल्याबरोबर चहा येतो आणि सोबत रिकामे भांडेही येते. त्याचे काय करायचे?

पहिला चहा किंवा गरम पाणी वाडग्यात ओतून त्यात पेला, चमचा आणि चॉपस्टिक्स विसळून घेतात आणि ते पाणी त्या रिकाम्या भांड्यात टाकतात. भांडी अस्वच्छ असतात म्हणून हे करतात असे नाही. ही जुनी सवय आहे आणि आजही ज्येष्ठ मंडळी ती मनापासून पाळतात. आपण केली नाही तर कोणी काही म्हणत नाही, पण केली तर वाढप्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण दिसते.

यानंतर खरा चहा सुरू होतो. कँटोनीज माणूस 'डिमसम खायला जाऊ' असे सहसा म्हणत नाही, तो 'याम छा' म्हणजे 'चहा प्यायला जाऊ' असे म्हणतो. जुन्या चहाघरांत 'यात जुंग लेउंग गिन' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ एक झाकणाचा पेला आणि सोबत दोन पदार्थ. खाणे हे मूळचे चहाचे सोबती आहे, आणि कोणता चहा हा प्रश्न वाढपी सर्वांत आधी विचारतो तो याचमुळे. गडद रंगाचा, मातीच्या वासाचा 'पो लेई' चरबीयुक्त पदार्थांबरोबर चांगला लागतो. हलका हवा असेल तर 'सौ मेई' मागावा. मोगऱ्याच्या कुळातील फुलांचा सुगंध दिलेला 'हेउंग पिन' बहुतेक मराठी पाहुण्यांना पहिल्याच घोटाला आवडतो. शेवंतीची वाळलेली फुले आणि पो लेई एकत्र केले की 'गुक पो' होतो आणि तो उन्हाळ्यात विशेष चांगला. दूध किंवा साखर कशातच घालत नाहीत. दोन किटल्या आल्या तर एकीत चहा आणि दुसरीत नुसते गरम पाणी असते. चहा फार कडक झाला की ते त्यात ओततात.

स्वतःच्या पेल्यात ओतण्यापूर्वी इतरांच्या पेल्यात ओतावे, वडीलधाऱ्यांना आधी. आपल्यासाठी कोणी ओतले तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टिचकावतात. ते आभार असतात. छ्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने आपल्या सेवकाला चहा ओतून दिला, उघडपणे लोटांगण घालता येईना म्हणून सेवकाने बोटे वाकवून टेबलावर टेकवली, अशी आख्यायिका या रीतीमागे सांगतात. किटली रिकामी झाली की झाकण तिरपे करून ठेवावे. हाक मारावी लागत नाही.

डिमसम कसे मागवायचे आणि पहिल्यांदा काय घ्यावे?

ढकलगाडीवरून टोपल्या फिरवण्याची पद्धत आता थोड्याच जागी उरली आहे. बहुतेक ठिकाणी एक कागद आणि पेन्सिल देतात. हव्या त्या पदार्थासमोर खूण किंवा संख्या लिहायची. किमती बहुधा पदार्थावर नसून वर्गावर ठरतात : लहान, मध्यम, मोठा आणि विशेष. दोन माणसांना चार ते पाच टोपल्या पुरतात. सगळे एकदम न मागवता दोन खेपांत मागवावे, कारण गार झालेला डिमसम हा वेगळाच आणि उतरत्या चवीचा पदार्थ असतो.

सुरुवात 'हा-गाउ'ने करावी. गव्हाचे सत्त्व आणि टॅपिओकाचे पीठ यांच्या अर्धपारदर्शक पारीत कोळंबी भरून त्याच्या एका कडेला बारीक चुण्या घालतात. उकडीच्या मोदकाच्या कळ्या घालणाऱ्या हातांना त्या चुण्यांमागचे कसब लगेच कळेल, कारण परीक्षाही तीच आहे : पारी पातळ हवी, पण उचलताना फाटता कामा नये, आणि टोपलीच्या कागदाला चिकटता कामा नये. माझ्या आईने पहिला हा-गाउ तोंडात घालण्यापूर्वी उलटसुलट करून पाहिला आणि 'उकड छान मळली आहे' एवढेच म्हटले. याहून चांगली दाद मी त्या पदार्थाला मिळालेली ऐकलेली नाही.

त्याखालोखाल 'सिउ माय' (डुकराचे मांस व कोळंबी यांची वरून उघडी पुरचुंडी), 'छा सिउ बाउ' (गोडसर भाजक्या मांसाचे सारण भरलेला पांढरा, वरून उमललेला पाव) आणि 'दान टाट' (अंड्याच्या मऊ सारणाची छोटी वाटी) हे येतात. या चौघांना मिळून डिमसमचे चार राजे म्हणतात. 'लो बाक गो' हा मुळ्याच्या किसाचा पदार्थ कोथिंबीर वडीप्रमाणेच आधी उकडून, थंड करून, कापून मग तव्यावर खरपूस परततात. 'छुंग फन' म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या, रेशमासारख्या मऊ गुंडाळ्या. त्यांवर गोडसर सोया सॉस ओततात. कोंबडीचे पाय आधी तळून, भिजवून, नंतर काळ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रसात शिजवलेले असतात. पाहुणे प्रथम कचरतात. सक्ती करू नये, पण एखादा चाखून पाहावा असे मी अवश्य सुचवतो.

रात्रीच्या जेवणात दोन-चार जणांनी काय मागवावे?

घरगुती कँटोनीज जेवणाचा ढाचा 'दोन पदार्थ, एक सूप' किंवा 'तीन पदार्थ, एक सूप' असा असतो, आणि प्रत्येकापुढे भाताचा वाडगा. सर्व पदार्थ मध्ये ठेवून वाटून खातात. माणसे तितके पदार्थ हा ढोबळ हिशेब सहसा बरोबर ठरतो.

सूप आधी येते. 'लो फो थोंग' हे मंद आचेवर तीन-चार तास उकळत ठेवलेले सूप असते. त्यात हाडे, कंदमुळे, लाल खजुरासारखी वाळलेली फळे, कधी कमळकाकडी, उन्हाळ्यात कोहळा. ते पातळ दिसते म्हणून त्याला पाणचट समजू नये. त्यातले शिजलेले तुकडे वेगळ्या बशीत मिळतात, पण त्यांचे सत्त्व सुपात उतरलेले असते. ऋतूप्रमाणे शरीराला काय मानवते याचा विचार या सुपांमागे असतो, आणि आमसुलाचे सार किंवा सुंठीचा काढा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो विचार परका वाटत नाही.

मग एक कढईवरचा पदार्थ घ्यावा. येथे 'वोक हेय' हा शब्द कळणे आवश्यक आहे. त्याचा शब्दशः अर्थ कढईचा श्वास. प्रचंड आचेवर तापलेल्या लोखंडी कढईत पदार्थ काही क्षणच, सतत उडवत परतला की त्याला किंचित धुराची, भाजल्यासारखी चव चढते. ती आचेवरून उतरवल्यावर झपाट्याने विरत जाते. लहान खाणावळीचा मोठा फायदा हाच, की भट्टीपासून टेबलापर्यंतचे अंतर दहा पावलांचे असते. या कौशल्याची कसोटी 'गोन छाउ नाउ हो' या पदार्थात लागते : तांदळाच्या रुंद शेवया, गोमांस, मोड आलेले मूग आणि पातीचा कांदा, सोया सॉसमध्ये कोरडे परतलेले. शेवया तुटलेल्या नकोत आणि ताटलीच्या तळाशी तेल साचलेले नको. गोमांस न खाणाऱ्यांनी हीच कसोटी परतलेल्या भाजीवर लावावी.

भाज्या ओळखीच्या निघतात. 'तुंग छोय' म्हणजे आपली नाळीची भाजी. ती आंबवलेल्या टोफूत मिरचीबरोबर परततात. कारले तर आहेच. कडू हा शब्द कष्टाचाही वाचक असल्याने कँटोनीज लोक कारल्याला 'लेउंग ग्वा' म्हणजे 'थंड फळ' म्हणतात, आणि दोडक्याच्या मूळ नावाचा उच्चार 'हरणे' या शब्दासारखा वाटतो म्हणून त्याला 'सिंग ग्वा', 'जिंकणारे फळ', असे नाव देऊन ठेवले आहे. अन्नाच्या नावातही शुभ-अशुभ पाहणारी ही माणसे मला या एका गोष्टीमुळे फार जवळची वाटतात.

हिवाळ्यात गेलात तर मातीच्या भांड्यातला भात, 'बो जाय फान', सोडू नका. शरदाचा वारा सुटला की लाप-मेई खावे अशी तिथे म्हण आहे. लाप-मेई म्हणजे वाळवलेले, मुरवलेले मांस आणि सॉसेज. कच्च्या तांदळापासून प्रत्येक भांडे स्वतंत्र शिजवतात, म्हणून वीस मिनिटे तरी थांबावे लागते. भात येताच त्यावर गोड सोया सॉस घालून झाकण परत लावून थोडे थांबतात. तळाला लागलेली सोनेरी खरपुडी हा त्या जेवणाचा सर्वांत मानाचा भाग. ती खरवडून शेवटी वाटून घेतात.

माशाची किंमत यादीत का लिहिलेली नसते?

कारण मासा टाकीत जिवंत असतो आणि त्याचा भाव रोज बदलतो. यादीत 'सी गा' म्हणजे 'बाजारभाव' एवढेच लिहितात. हाँगकाँगमध्ये वजन 'कान' या मापात सांगतात. एक कान म्हणजे सुमारे 605 ग्रॅम, आणि त्याचे 16 'लेउंग' होतात. सांगितलेला भाव पूर्ण माशाचा आहे, कानाचा आहे की लेउंगाचा, हे मासा कापण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे. मी पहिल्या वर्षी हे न विचारल्याने एका ठिकाणी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक पैसे दिले होते. दोष माझ्या गृहीत धरण्याचा होता. मासा दाखवून नेतात, तेव्हा तो नीट पाहावा. तेथे हे अपमानास्पद नसते.

हेकरूच्या जातीचा मासा आले घालून जेमतेम शिजेपर्यंत वाफवतात, मग त्यावर पातीच्या कांद्याच्या बारीक सळ्या पसरून कडकडीत तेल आणि सोया सॉस ओततात. हाडाजवळचे मांस अगदी नुकते सुटू लागलेले असावे, ही परिपूर्णतेची खूण. वरची बाजू संपली की मासा उलटू नये. नावाड्यांच्या समजुतीप्रमाणे ते नाव उलटण्यासारखे असते. मधला काटा उचलून खालची बाजू खातात.

कोंबडी हाडाजवळ लालसर दिसते. ती कच्ची असते का?

'बाक छित गाय' ही कोंबडी उकळत्या नव्हे, तर उकळीच्या खालच्या तापमानाच्या पाण्यात शिजवून लगेच थंड पाण्यात घालतात. मांस शिजलेले असते, पण हाडातील मगज लाल राहतो आणि कातडी घट्ट, गुळगुळीत होते. सोबत आले-पातीच्या कांद्याची चटणी येते. कोंबडीवाचून मेजवानी होत नाही असे तिथे म्हणतात, आणि ती हीच कोंबडी. मन घेत नसेल, किंवा सोबत लहान मूल अथवा गरोदर स्त्री असेल, तर भाजलेली कोंबडी मागवावी. दोन्ही हाडांसकट तुकडे करून येतात.

जेवण फिके लागते. तिखट मागितले तर चालेल का?

चालेल, मिरचीचा सॉस मिळतो. तरीही पहिले दोन घास काहीही न लावता खावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. या स्वयंपाकात मसाला झाकण्यासाठी नसून मूळ पदार्थ पुढे आणण्यासाठी असतो. ताजा मासा, कालच रानातून आलेली भाजी, योग्य वयाची कोंबडी असल्याशिवाय हे जेवण उभेच राहत नाही, कारण चुकीला लपायला रस्सा नसतो. आपल्याकडे ताज्या पापलेटाला नुसते मीठ-हळद लावून तव्यावर टाकणाऱ्या माणसाचा जो विश्वास असतो, तोच येथे आहे.

शाकाहारी माणसाने काय करावे? जैन पद्धतीचे मिळेल का?

खोटा दिलासा देणार नाही : लहान, जुन्या वळणाच्या कँटोनीज खाणावळीत कडक शाकाहार पाळणे अवघड आहे. अडचण उघड मांसाची नसून दडलेल्या घटकांची आहे. हिरव्या भाजीवर कालवांचा सॉस असतो. लो बाक गोमध्ये सोडे आणि सॉसेजचे तुकडे असतात. टोफूवर खिमा येऊ शकतो, सूप तर हाडांचेच असते, आणि परतण्यासाठी काही जागी डुकराची चरबी वापरतात. शिवाय 'युक' म्हणजे मांस हा शब्द नुसता वापरला तर त्याचा अर्थ डुकराचे मांस असा घेतला जातो. त्यामुळे 'युक नको' म्हटल्यावर कोळंबी येण्याची शक्यता असते आणि वाढप्याने फसवलेले नसते.

यासाठी 'ङो सिक जाय' असे म्हणावे. 'जाय' हा बौद्ध उपासाच्या शाकाहाराचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ तिथे प्रत्येकाला नेमका कळतो. चांद्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला, म्हणजे साधारण प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, अनेक कँटोनीज कुटुंबे स्वतः जाय पाळतात. 'लो हान जाय' हा मशरूम, टोफूची साल, काचेसारख्या शेवया आणि भाज्यांचा पदार्थ याच परंपरेतला.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे शाकाहारी भोजनगृहातच जाणे. लांताव बेटावरील पो लिन मठात आणि डायमंड हिल येथील नान लियान उद्यानातील ची लिन भिक्षुणी मठाच्या भोजनगृहात शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. जैन वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट : बौद्ध परंपरेतील या जेवणात कांदा, लसूण आणि त्या कुळातील पातीही वर्ज्य असते. मात्र बटाटा, गाजर, अळकुड्या, कमळकाकडी हे कंद वर्ज्य नसतात, त्यामुळे ते वेगळे सांगावे लागते.

डुकराचे मांस किंवा गोमांस टाळायचे असल्यास?

हाँगकाँगच्या वान चाय भागातील मशिदीच्या इमारतीत इस्लामिक सेंटरचे कँटीन आहे आणि तेथे हलाल डिमसम मिळते; डुकराचे मांस अजिबात नको असणाऱ्या कोणालाही ते सोयीचे आहे. इतरत्र हा-गाउमध्येही कोळंबीबरोबर डुकराची चरबी घातलेली असू शकते, म्हणून विचारावे. गोमांसासाठी 'नाउ' आणि डुकरासाठी 'जू' हे दोन शब्द लक्षात ठेवले की यादीवरील बराचसा धोका टळतो.

ॲलर्जी आणि अजिनोमोटो यांबद्दल?

शेंगदाण्याचे तेल, कोळंबी आणि सोया सर्वत्र वापरतात. ॲलर्जी गंभीर असेल तर चिनी लिपीत लिहिलेले कार्ड सोबत बाळगावे. तोंडी सांगण्यावर विसंबू नये, कारण एकच कढई सगळ्या पदार्थांसाठी फिरत असते. अजिनोमोटो नको असेल तर 'जाउ मेई जिंग' म्हणता येते, परंतु सॉस आधीच तयार असल्याने ते पूर्ण टळेलच असे नाही.

चॉपस्टिक्स वापरता येत नाहीत. संकोच वाटतो.

चमचा सर्वत्र असतो आणि काटाही मागता येतो. संकोचाचे कारण नाही. फक्त भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत, कारण मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे ते दिसते. टेबलावर प्रत्येकी दोन जोड्या असल्या तर एक वाढून घेण्यासाठी आणि दुसरी खाण्यासाठी असते. 2003 च्या सार्सच्या साथीनंतर ही पद्धत अधिक रूढ झाली. उष्टे न करण्याचा आपला संस्कार येथे बरोबर जुळतो. भाताचा वाडगा उचलून तोंडाजवळ नेणे ही रीतच आहे.

वाढपी तुसडेपणाने बोलतात असे वाटते.

ते घाईत असतात. वीस खुर्च्यांच्या दुकानाचे भाडे भागवायचे तर टेबले सतत रिकामी होत राहावी लागतात, म्हणून बोलणे तुटक होते. 'म्-गोय' हा एक शब्द पुष्कळ काम करतो : हाक मारताना, वाट मागताना आणि कोणी काही आणून दिल्यावर. भेटवस्तू किंवा कोणी जेवण दिले तर मात्र 'दो जे' म्हणतात. दोन-तीनदा त्याच दुकानात गेलात तर तोच माणूस न सांगता आपला चहा आणून ठेवतो.

गोड काय असते?

फार गोड काही नसते. लाल चवळीसारख्या दाण्यांचे किंवा काळ्या तिळाचे गरम 'थोंग सुई' बहुधा वेगळ्या दुकानात मिळते. क्वांगतुंगमधील शुंदक भागातले, दुधापासून केलेले, दोन सायींचे 'सेउंग पेय नाय' मिळाले तर जरूर घ्यावे. खरवस आवडणाऱ्याला ते आवडतेच.

बिलात न मागवलेल्या गोष्टी का दिसतात?

चहाचे पैसे माणशी लावतात, प्यायला असो वा नसो. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे किंवा लोणचे यांचेही कधी कधी लावतात. नको असेल तर बसतानाच परत करावे. काही ठिकाणी 10 टक्के सेवाशुल्क जोडलेले असते; ते असेल तर वेगळी बक्षिशी अपेक्षित नसते. लहान दुकाने अनेकदा रोखच घेतात. काही ठिकाणी 1997 पासून चालत आलेले ऑक्टोपस कार्ड (बस-रेल्वेसाठी आधी पैसे भरून वापरायचे कार्ड) चालते. बिलासाठी 'म्-गोय, माय दान' म्हणावे. सोबत कँटोनीज स्नेही असतील तर ते बिल हिसकावून घेतील. एकदा आग्रह करावा, दुसऱ्यांदा करावा, आणि मग पुढच्या वेळचे आपल्याकडे असे सांगून त्यांना देऊ द्यावे.

उरलेले अन्न बांधून मागणे बरे दिसते का?

अगदी बरे दिसते. 'दा बाउ' म्हणावे, डबा मिळतो. डब्याचे थोडे पैसे पडतात. भाजके मांस दुसऱ्या दिवशी भाताबरोबर चांगले लागते आणि कोंबडीची हाडे पेजेत घालता येतात. वाफवलेला मासा आणि हा-गाउ मात्र बांधून नेऊ नयेत. ते तिथेच, गरम असताना संपवावेत.